आयपीएक्सईचा लूप एकदाचा तुटला

मशीन नेटवर्कवरून बूट करायची साखळी पूर्ण झाली! राउटर आयपी देतो, डीएनएसमास्क (छोटा नेटवर्क सर्व्हर) प्रॉक्सी मोडमध्ये, म्हणजे आयपी न वाटता, फक्त बूट फाइल सांगतो आणि यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) असलेलं मशीन डिस्कशिवाय डेबियनच्या इन्स्टॉलरपर्यंत पोहोचतं. मागच्या वेळी अडलं होतं ते मधेच: आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) चढायचं, डीएचसीपी (आयपी आणि बूट फाइलची माहिती देणारा प्रोटोकॉल) मागायचं आणि पुन्हा स्वतःचीच फाइल उतरवून घ्यायचं.

टीसीपीडंप (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं साधन) ६७, ६८ आणि ४०११ या पोर्टांवर लावला की कारण लख्ख दिसतं. फर्मवेअर आणि आयपीएक्सई, दोघांच्याही डीएचसीपी विनंतीत ऑप्शन ६० (विचारणारा कोण) मध्ये ‘पीएक्सईक्लायंट’ आणि ऑप्शन ९३ (मशीनची जात) मध्ये ७, म्हणजे ६४-बिट यूईएफआय. सर्व्हर नुसता ९३ बघून फाइल ठरवत असेल तर त्याला दोघं सारखेच. फरक ऑप्शन १७५ मध्ये आहे. तो आयपीएक्सईच पाठवतं. तो आला की सर्व्हरने त्या विनंतीला टॅग (खूण) लावायचा. टॅग नसेल तर आयपीएक्सईची फाइल द्यायची, असेल तर स्क्रिप्टचा पत्ता. ही अट बायोस आणि यूईएफआय, दोन्हींच्या ओळींवर हवी. एक जरी सुटली तरी त्या जातीची मशीनं फिरतच राहतात.

एवढं करूनही जुन्या डीएनएसमास्कवर यूईएफआयला उत्तरच मिळत नाही. मूळ आरएफसी ४५७८ मध्ये (या ऑप्शनांचं मानक) मशीनच्या जातींचे ७ आणि ९ हे आकडे अदलाबदल झाले होते. त्यामुळे जुन्या आवृत्तीत ‘एक्स८६-६४ ईएफआय’ या नावाचा अर्थ ९ होतो, फर्मवेअर मात्र ७ पाठवतं. नावाऐवजी थेट ७ हा आकडा लिहा, काम होतं.

कर्नल आणि इनिटआरडी (इन्स्टॉलर सुरू करणाऱ्या दोन मोठ्या फाइली) मात्र टीएफटीपीवरून (फाइल पाठवायचा साधा, जुना प्रोटोकॉल) ओढू नका. ब्लॉकचा आकार वाढवला नाही तर ५१२ बाइटचा एक ब्लॉक, त्याची पोच, मग पुढचा. ६० एमबीला १,२२,८८० फेऱ्या. फेरीला १ मिलिसेकंद धरला तरी दोन मिनिटं गेली. शिवाय ब्लॉकचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणून ३२ एमबीच्या पुढे काही क्लायंट अडकतात. टीएफटीपीवर फक्त आयपीएक्सई ठेवा, बाकी सगळं एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवरून एचटीटीपीने.

हे लिहितानाच सुचलं: आयपीएक्सई बिल्ड करतानाच स्क्रिप्ट आत एम्बेड केली तर टॅगची गरजच उरत नाही. स्क्रिप्टमध्ये दोनच आज्ञा लागतात, डीएचसीपी घे आणि मेनूची फाइल चेन कर (उतरवून चालव). पत्ता बदलला की पुन्हा बिल्ड करावं लागेल, पण लूपची शक्यताच संपते. फाइल डिजिटल सही नसलेली असते, त्यामुळे सिक्युअर बूट (सही असलेलंच चालू देणारी सोय) बंद ठेवावं लागेल. आधी हेच करणार.

नव्या बोर्डांवर मग यूईएफआय एचटीटीपी बूट, म्हणजे फर्मवेअरच थेट एचटीटीपीने फाइल आणतं. तिथे ऑप्शन ९३ मध्ये १६ येतो, आणि ऑफरमध्ये ऑप्शन ६० ला ‘एचटीटीपीक्लायंट’ व फाइलच्या नावाच्या जागी पूर्ण यूआरएल द्यावा लागतो.