पुढच्या गरारीचा एक दाता

दर पंधरा दिवसांनी नागपूरहून आईकडे अमरावतीला जातो, दीडशे किलोमीटर, तेही बाईकनेच. वाडी सुटली की गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी, सगळा चारपदरी रस्ता. कागदावर एनएच ५३, बाबांच्या तोंडी अजून सहा नंबरच. (समृद्धीचं विचारू नका, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला पण दुचाकीला तिथे एन्ट्रीच नाही, आपल्या नशिबी हाच.)

गाडी चारशे सीसीच्या वरची सिंगल सिलेंडर, गिअर पाच. नव्वदपर्यंत लोणी, शंभर ओलांडले की फूटपेगमधून मुंग्या चढायला लागतात, आणि कोंढाळीला चहा घ्यायला थांबलो की उजव्या हाताच्या बोटांना कप गरम आहे की गार हेच कळत नाही. सगळ्यात वैताग म्हणजे पाचव्यात असूनही पाय सारखा लिव्हर वर ओढायचा, सहावा सापडतो का बघायला. तो नाहीच म्हटल्यावर सापडणार कुठून.

मग डोक्यात स्प्रॉकेट आलं, म्हणजे चेन ज्यांच्यावर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं. आपल्याकडे गॅरेजवाले याला सरळ चैन पाकीट म्हणतात, पुढच्या छोट्याला गरारी आणि मागच्या मोठ्याला चक्कर. माझ्या गाडीला पुढे १५ दाते, मागे ३८. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढची गरारी २.५३ वेळा फिरते. पुढे १६ टाकली की हेच २.३७ होतं. एवढासा फरक, पण इंजिनला तो सव्वासहा टक्के पडतो, जिथे आधी पाच हजार आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) लागायचे तिथे त्याच स्पीडला चार हजार सातशेच्या आत काम भागतं. हेच मागून करायचं म्हटलं तर ३८ चे साडेपस्तीस करावे लागतील, अर्धा दाता कोण देणार. आणि मागचं चक्कर महाग, गरारी स्वस्त. म्हणून सगळे आधी पुढेच हात घालतात. सरळ १७ टाकावी असंही मनात आलं होतं, पण कव्हर काढून बघितलं तर आत तेवढी जागाच दिसेना, चेन घासलीच असती.

नंदनवनातल्या आमच्या नेहमीच्या मिस्तरीकाकांकडे गेलो. कव्हर उघडलं तर आत ग्रीस, माती आणि चेन ल्यूबचा काळा हलवा जमलेला, तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडण्यातच अर्धा वेळ गेला. मी मागचा ब्रेक दाबून धरला, काकांनी गरारी सोडवली, मागचा एक्सल ढिला करून चाक थोडं पुढे सरकवलं, कारण मोठी गरारी चेन जास्त खाते. एका दात्याला चाक जेमतेम चार मिलिमीटर सरकतं, माझी चेन आधीच ताणलेली होती त्यामुळे आरामात बसलं.

इथेच मी माती खाल्ली. काकांनी मागच्या चक्कराच्या पार मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून दाखवली, अर्धा दाता उघडा पडला. म्हणाले, "पाहून राहिला ना भाऊ? चैन गेली तुही. जुन्या चैनीवर नवी गरारी, महिन्याभरात परत येशीन तू." मला वाटलं काकांना अख्खा सेट खपवायचा आहे. महिना पण नाही लागला. हळू चालवताना कट-कट आवाज, चाक फिरवलं तर चेन एका जागी टाइट, दुसऱ्या जागी लोंबते, आणि नव्या गरारीचे दाते एका बाजूने झिजायला लागलेले. शेवटी चेन, पुढचं, मागचं, सगळं एकदम घेतलं. काका काहीच बोलले नाहीत, फक्त हसले, ते जास्त लागलं.

आता हायवेचं सांगतो. शंभरला गाडी जशी आधी चौऱ्याण्णवला वाजायची तशी वाजते, बस इतकंच. ऐकायला कमी वाटतं पण मुंग्या जिथे सुरू व्हायच्या ती जागाच पुढे ढकलली गेली, आता मोझरीपर्यंत बोटं आपली राहतात. मायलेजमध्ये मला किलोमीटर-दोन किलोमीटरचा फरक दिसला, तोही वारा मागून असेल तर. टॉप स्पीड वाढतो म्हणून कोणी करत असेल तर राहू द्या. गरारीने ताकद वाढत नाही, इंजिनला तेवढ्याच दमात जास्त मोठं पाऊल टाकावं लागतं. एप्रिल-मेमध्ये तळेगावच्या पुढे समोरून गरम वारा लागला की पाचव्यात गाडी ११० ला अडून बसते, चौथा टाकावा लागतो, म्हणजे आरपीएम परत जिथल्या तिथे.

आणि सिटीत वसुली होते. पहिला गिअर लांब झाल्यामुळे व्हरायटी चौकात संध्याकाळी चाल-थांब-चाल करताना अर्धा क्लच सोडवतच नाही, वरून ४४ डिग्री, खालून इंजिन. आधी तिसऱ्यात जी कॉलनीतली वळणं निघायची ती आता दुसऱ्यात. ज्याची गाडी फक्त सक्करदरा ते बर्डी फिरते त्याने या भानगडीत पडूच नये, उलटं १४ टाकली तर तो जास्त खूश राहील.

स्पीडोमीटरचं एक बघून घ्या. सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर काही फरक नाही. गिअरबॉक्सवरून रीडिंग घेत असेल तर १५ ची १६ केल्यावर काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी खरी जवळपास १०७ ने पळत असते.

जुनी १५ ची गरारी रॉकेलने धुऊन टीव्हीच्या शेजारी ठेवली आहे, पोरगी तिच्यात पेन्सिली खोचते. पुढच्या महिन्यात चिखलदरा ठरलंय. परतवाड्याच्या पुढचा घाट, मागे बायको, दोन्ही बाजूला बॅगा. गेल्या खेपेला १६ वर दुसऱ्यात रडत चढलो होतो आणि ती मागून विचारत होती, "काय झालं, पेट्रोल संपलं का?" तर या खेपेला टीव्हीजवळची गरारी घाटापुरती परत चढवायची का, असं काकांना फोनवर विचारलं. "चढवून देतो," म्हणाले, "पण नवी चैन आहे, तिले मोजून ताण दे. आणि भाऊ, वहिनीले सांग, बॅगा कमी घ्या."

दुसरा भाग मी अजून घरी सांगितलेला नाही.