कडा दिसली, पण शॉक कुठला?

एक्स-रे चित्रात ती कडा दिसली आणि मी तिला शॉक, म्हणजे वायूत ध्वनीपेक्षा वेगाने धावणारी आघातलाट, म्हणून मोकळी झाले. दोन दीर्घिकासमूह आपापल्या तप्त वायूसकट एकमेकांत घुसतायत, छोट्याच्या पुढ्यात धनुष्यासारखी वाकलेली तेजाची रेघ. आणखी काय हवं? डोक्यात बुलेट क्लस्टर, अशाच टकरीचं प्रसिद्ध उदाहरण, ठाण मांडून बसला होता. मॅक नंबर (ध्वनीच्या वेगाच्या किती पट) ३ च्या आसपासचा तिथला शॉक २००२ साली मार्केविच आणि सहकाऱ्यांनी दाखवला होता.

मॅडमनी चित्र पाहून एवढंच विचारलं, "तापमान मोजलंस?"

नव्हतं मोजलं.

डेटा चंद्रा या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातला. आधी साफसफाई: पार्श्वभूमीचा गोंगाट अचानक उसळलेले तुकडे कापले, ६० हजार सेकंदांचे ४१ हजार उरले. मग बिंदुस्रोत, म्हणजे ठिपक्यासारखे दिसणारे इतर एक्स-रे स्रोत, वगळायचे. प्रोग्रामने समूहाचा गाभाच बिंदुस्रोत ठरवला, मी यादी न बघता तो कापून टाकला आणि दोन दिवस मधल्या भोकाचं कारण शोधत बसले.

खरी कसोटी होती ती कडेवर कोनाचा पट्टा मांडून आतून बाहेर तेज कसं बदलतं ते मोजण्याची. पट्ट्याची वक्रता कडेच्या वक्रतेशी जुळली नाही तर आतला उजेड बाहेर आणि बाहेरचा अंधार आत मिसळतो, नि उडी पसरट होऊन जाते. चारदा केंद्र हलवलं तेव्हा कुठे आलेखात नीट पायरी उमटली. तेज घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, शिवाय कडेच्या पुढचा-मागचा वायूही त्याच दृष्टिरेषेत येतो. त्यामुळे तेजाची उडी म्हणजे घनतेची उडी नव्हे. मॉडेल बसवल्यावर घनतेची उडी निघाली १.८.

शॉक धरला तर मॅक नंबर येतो १.५७. अशा विरळ वायूत शॉक कितीही जोरदार असला तरी घनता चारपटीच्या वर जात नाही, त्यामुळे १.८ अगदी पटण्यासारखं. बाहेरच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ६४० किलोमीटर, म्हणजे धडक हजाराच्या वेगाने. मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

आता तापमान. शॉक असेल तर दाट बाजू गरम हवी, माझ्या आकड्यांनुसार दीडपट. तापमान वर्णपटावरून काढायचं, त्याला फोटॉन (प्रकाशाचे कण) पुरेनात म्हणून पट्टे रुंद केले, रात्रभर फिट चालवले. सकाळी उत्तर: आत ०.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (इथे तापमान याच एककात मोजतात), बाहेर १.६. दाट बाजूच थंड! घनता आणि तापमान यांचा गुणाकार केला, दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा. शॉकमध्ये दाब उडी मारतो. इथे तो ढिम्म.

म्हणजे हा कोल्ड फ्रंट. छोट्या समूहाचा स्वतःचा थंड वायू मोठ्याच्या गरम वायूला भिडतो तिथली सीमा. एबेल २१४२ या दीर्घिकासमूहात २००० साली चंद्रानेच अशा कडा उलगडून दाखवल्या होत्या. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं!

चिडून चित्राच्या मागच्या बाजूला वळले, तर तिथे फिकट शेपूट. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये मांडलेलंच: समोरून येणाऱ्या वायूचा दाब त्याच्या घनतेला वेगाच्या वर्गाने गुणल्याइतका, आणि गुरुत्वाची पकड त्याहून ढिली पडली की वायू ओरबाडला जातो. शेपटीचं तापमान आतल्या थंड वायूच्या जवळचं निघालं, तेव्हा हा इथूनच निसटलेला माल आहे याची खात्री पटली. खरं तर मला ती कडेपेक्षा जास्त आवडली.

मॅडमना आकडे दिले. त्या म्हणाल्या, "बुलेटमध्येही गोळीची, म्हणजे घुसणाऱ्या छोट्या समूहाची, कडा कोल्ड फ्रंटच आहे. शॉक तिच्या पुढे असतो." मी कडेच्या पुढे पट्टा सरकवला. एक पायरी असल्यासारखी वाटते, पण मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेषा तिच्याहून उंच आहेत. ४१ हजार सेकंदांत तेवढेच फोटॉन येतात. जास्त वेळ मागणारा प्रस्ताव लिहायला घेतलाय. त्यात 'शॉक' हा शब्द आतापर्यंत एकदाच आलाय, तोही 'असल्यास' च्या आधी.