पगार शून्य, कागद भरपूर: आर्ट्स कमिशनवरची माझी नेमणूक

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आजूबाजूला जी लहान शहरं एकमेकांना चिकटून आहेत, त्यातल्या एकात आम्ही राहतो. इथे बहुतेक प्रत्येक सिटी कौन्सिलच्या हाताखाली नागरिकांची कमिशन असतात. प्लॅनिंग कमिशनसाठी चढाओढ असते, कारण पुढे कौन्सिलची निवडणूक लढवायची असणारे बरेचजण तिथून सुरुवात करतात. आर्ट्स कमिशनचं तसं नाही. जागा पाच, मुदत चार वर्षांची, मानधन नाही. आमच्याकडे तर अर्जांची मुदत वाढवावी लागली.

मला या कमिशनचा पत्ता लागला तो महाराजांमुळे. २०२३ च्या सुरुवातीला सॅन होजेच्या ग्वाडालुपे रिव्हर पार्कमधला शिवाजी महाराजांचा पुतळा चोरीला गेला. पुण्याने दिलेली भेट ती. पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून सिस्टर सिटी, म्हणजे मैत्रीचं नातं जोडलेली शहरं आहेत. पुढे तो पुतळा भंगारवाल्याकडे सापडला. ते काही दिवस आमचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप पेटलेले होते. संतापायला सगळे तयार, पण मला वेगळाच प्रश्न छळत होता: असे पुतळे बसवून झाल्यावर त्यांच्याकडे बघतं कोण, आणि पैसा कुठून येतो? म्हणून आमच्या स्वतःच्या शहराच्या मीटिंगांचे अजेंडे वाचायला घेतले. तिथे सगळं होतं. सार्वजनिक कलाकृतींची यादी, देखभालीचा फंड, नव्या बांधकामातून कलेसाठी येणारा पैसा. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये बांधकाम खर्चाचा १ टक्का कलेसाठी ठेवायला सुरुवात केली, सॅन फ्रान्सिस्कोने १९६९ मध्ये २ टक्क्यांचा नियम केला, आणि ते लोण आता अगदी लहान शहरांपर्यंत पोचलंय. त्या पैशाचं काय करायचं, याची शिफारस हे पाचजण करतात. निर्णय कौन्सिलचा.

अर्ज ऑनलाइन होता. नाव-पत्ता झाला की प्रश्न: शहरातली एखादी कलाकृती निवडा आणि तिच्याबद्दल लिहा. मी इथल्या हौशी मराठी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझं लक्ष दिव्यांकडे जातं. लायब्ररीसमोर स्टीलचं एक उंच शिल्प आहे. त्याच्या पायाशी जमिनीत दोन दिवे बसवलेत. एक बंद आणि दुसऱ्याचा झोत थेट शेजारच्या झाडात. शिल्प रात्रभर अंधारात आणि झाड मात्र नायिकेसारखं उजळलेलं. मी तेवढंच लिहिलं, सोबत दिव्याचा कोन किती फिरवावा लागेल तेही लिहिलं. हा अर्ज सार्वजनिक दस्तऐवज असतो. पत्ता आणि फोन झाकून तो अजेंड्याबरोबर वेबसाइटवर टाकतात, म्हणजे तुमचं इंग्रजी आणि तुमची महत्त्वाकांक्षा दोन्ही गावाला वाचायला खुली.

मुलाखतही चारचौघांत. कौन्सिलच्या सभागृहात, वर अर्धगोलात बसलेले पाच कौन्सिल सदस्य, समोर एक माइक आणि वेळेचे तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. एकाची मुलाखत चालू असताना बाकीच्यांनी बाहेर थांबावं आणि फोनवर थेट प्रक्षेपण बघू नये, अशी विनंती. सक्ती नाही, कारण सभा खुली आहे. पण सगळ्यांनी ती पाळली. बाहेर बाकावर माझ्याबरोबर सिरॅमिक्स शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई, एक लँडस्केप आर्किटेक्ट आणि शाळेच्या बँडसाठी वर्षानुवर्षं देणग्या गोळा करणारे एक गृहस्थ होते. बाईंनी पर्समधून आल्याच्या गोळ्या काढून सगळ्यांना वाटल्या. स्पर्धक आहोत असं कुणालाच वाटत नव्हतं.

मी तयारी केली होती कलेची. दृश्यकला, नाट्यकला, स्थानिक इतिहास. विचारलं भलतंच. तुम्हाला मुळीच न आवडणाऱ्या म्युरलच्या, म्हणजे भिंतीवरच्या चित्राच्या बाजूने बहुमत झालं तर तुम्ही काय कराल? एखादा नागरिक तीन मिनिटं तुमच्यावर ओरडून गेला तर? कमिशनची शिफारस आम्ही फेटाळली तर? पहिल्या प्रश्नाला मी म्हटलं, विरोधात मत देईन, कारण नोंदवेन आणि उद्घाटनाला येईन. त्यावर एक सदस्या हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. माझी आवडनिवड काय आहे हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. बसल्या बसल्या लक्षात येत गेलं की त्यांना रसिक नकोच आहे, सभेत बसवेल असा माणूस हवाय. माझ्या मते ते बरोबरच आहे.

मग मतदान. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन अ‍ॅक्ट आहे. स्थानिक सरकारच्या सभा उघड्यावर व्हायला हव्यात, असं सांगणारा हा कायदा गुप्त मतदान चालू देत नाही. प्रत्येक सदस्य कागदावर नावं लिहून सही करतो आणि सिटी क्लार्क, म्हणजे शहराचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकारी, मोठ्याने वाचतात: अमुक यांची मतं अमुक यांना. आपल्या मंडळांमध्ये कार्यकारिणी कुणाच्या तरी घरी चहा-पोह्यांवर ठरते आणि सभेत ‘सर्वानुमते’ म्हणून टाळ्या पडतात. त्या सवयीच्या माणसाला, आपल्याला कुणी मत दिलं नाही हे नावानिशी ऐकणं जरा झोंबतं. दोन जागा होत्या. त्या सिरॅमिक्सच्या बाई आणि लँडस्केप आर्किटेक्ट यांना मिळाल्या.

पुढची कथा मात्र थोडक्यात आटोपते. काही महिन्यांनी एक सदस्य दुसऱ्या शहरात राहायला गेले. शहर सोडलं की पद आपोआप सुटतं. अशी जागा मध्येच रिकामी झाली तर २० दिवसांत जाहीर नोटीस लावावी लागते आणि ती लावल्यावर कामाचे १० दिवस जाईपर्यंत नेमणूक करता येत नाही, असा नियम १९७५ च्या मॅडी अ‍ॅक्टमध्ये आहे. आधीचे अर्ज आमच्याकडे वर्षभर ग्राह्य धरतात. क्लार्कबाईंचा फोन आला, अजून इच्छा आहे का? मी हो म्हटलं. पुढच्या कौन्सिल सभेत माझं नाव गटाराच्या दुरुस्तीच्या कंत्राटानंतर आलं आणि मिनिटभरात मंजूर झालं.

शपथ क्लार्कच्या ऑफिसात. उजवा हात वर करून, अमेरिकेच्या आणि कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेचं देशातल्या आणि परदेशातल्या सर्व शत्रूंपासून रक्षण करीन, असं म्हणायचं असतं. गव्हर्नरलाही हीच शपथ आणि सिग्नलच्या खोक्यांवर चित्रं कुठली काढायची हे सुचवणाऱ्यालाही हीच. मला हसू आलं, पण क्लार्कबाई अगदी गंभीर होत्या, मग मीही झालो.

त्यानंतर फॉर्म ७००. यावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण आपले लोक इथेच बिचकतात. हे आर्थिक हितसंबंधांचं जाहीर पत्रक आहे. राहतं घर लिहायचं नाही, पण शहरात दुसरं घर भाड्याने दिलं असेल तर लिहायचं. शहरात धंदा करणाऱ्या कंपनीचे २००० डॉलर किंवा जास्तीचे शेअर असतील तर तेही. नेमका आकडा द्यायचा नसतो, टप्प्यावर खूण करायची असते: १०,००० पर्यंत, एक लाखापर्यंत, दहा लाखांपर्यंत, त्याच्या वर. म्युच्युअल फंड साधारणपणे वगळलेले असतात. आता या भागात ज्याच्या नोकरीत शेअर मिळतात, त्याने काय समजायचं ते समजावं. बायकोचे शेअरही त्यात येतात. तिचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे हे कुणीही बघू शकतं?’ कुणीही. ती दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. प्रत्यक्षात आजवर कुणी मागून बघितल्याचं माझ्या कानावर नाही, पण बघू शकतात, आणि मुद्दा तोच आहे.

दोन तासांचं नीतिनियमांचं ऑनलाइन प्रशिक्षणही असतं, दर दोन वर्षांनी. ते कंटाळवाणं आहे. पण एक गोष्ट तिथे नीट कळली. पाचातले तिघं म्हणजे कोरम, सभा भरायला लागणारी किमान संख्या. कमिशनच्या कामाबद्दल दोघं बोलले तर चालतं, पण त्यातल्या एकाने तेच तिसऱ्याला सांगितलं की ती चोरून घेतलेली सभा ठरते. ईमेलला ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी तेच. आल्याच्या गोळ्यावाल्या बाई दर रविवारी बाजारात भेटतात आणि आम्ही दोघं टोमॅटोवर तासभर बोलतो.

पहिली खरी कसोटी लवकरच आली. छोट्या सांस्कृतिक अनुदानांच्या अर्जांत आमच्या मराठी मंडळाचा अर्ज होता, आणि बायको मंडळाच्या कार्यकारिणीवर. तिला तिथे एक पैसा मिळत नाही. कायद्याने मला बसता आलंही असतं, फक्त संबंध जाहीर करून. सिटी अटर्नींचा, म्हणजे शहराच्या वकिलांचा सल्ला पडला की बाहेर जा. मी माइकवर कारण सांगितलं, उठलो, आणि चौघांची चर्चा संपेपर्यंत कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिलो. मंडळाला मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन: ‘अहो, आपला माणूस आत असून काय उपयोग?’ त्यांना मी हितसंबंधांचे नियम समजावून सांगायला गेलो. ते ‘बरं बरं’ म्हणाले आणि तिळगुळाच्या कार्यक्रमाच्या दिव्यांचं विचारू लागले.

लायब्ररीसमोरच्या शिल्पाचंही झालं काहीतरी. बंद दिवा बदलला गेला. कोन बदलायला मात्र पब्लिक वर्क्सची वर्क ऑर्डर लागते आणि ती रांगेत आहे.

ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी: पुढच्या वर्षी कुठल्या जागा सुटणार याची यादी कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक शहराला ३१ डिसेंबरपर्यंत काढावी लागते. ग्रीन कार्डवाल्यांनी परस्पर स्वतःला बाद करू नये. नेमणुकीच्या पदांसाठी नागरिकत्वाची अट राज्याने २०१९ च्या कायद्याने काढली आहे. मात्र काही शहरं स्वतःच्या नियमात नोंदणीकृत मतदार असण्याची अट ठेवतात, तेव्हा क्लार्क ऑफिसला आधी विचारा. आणि अर्ज करण्याआधी एका मीटिंगला जाऊन मागच्या रांगेत बसा. आमच्याकडे प्रेक्षकांत बहुतेक वेळा कुणीच नसतं, त्यामुळे तुम्ही लगेच लक्षात राहाल.