आठवीनंतरची फेरी: शॉ बेटावरून हायस्कूलकडे

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला असलेल्या सॅन वॉन काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) चार बेटांवर सरकारी फेरी, म्हणजे फेरीबोट, थांबते, आणि त्यांपैकी सर्वांत लहान असलेल्या शॉ बेटावर आम्ही राहतो. वर्षभर मुक्काम असणारी माणसे अडीचशेच्या आसपास असली, तरी बेटाचे स्वतःचे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा स्थानिक विभाग, आहे, त्याचे निवडून आलेले मंडळ आहे आणि 1890 साली बांधलेल्या लाल इमारतीत भरणारी एकुलती एक शाळा आहे. ही शाळा आठवीपर्यंतच असल्यामुळे नववीसाठी प्रत्येक मुलाला दुसऱ्या बेटावर, दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये जावे लागते. आमची मुलगी या टप्प्यातून गेली, त्याचा हा अनुभव.

पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात शाळा बदलणे म्हणजे आधी शाळा सोडल्याचा दाखला मिळवणे. येथे तसा दाखला पालकांनी हातात घेऊन फिरायचा नसतो; नवी शाळा जुन्या शाळेकडून कागदपत्रे परस्पर मागवते. प्रवेश मिळेल की नाही, ही काळजीही नव्हती. ज्या मुलाच्या राहत्या डिस्ट्रिक्टमध्ये त्याची इयत्ताच शिकवली जात नाही, त्याला राज्यातील कोणत्याही डिस्ट्रिक्टने विनाशुल्क प्रवेश दिला पाहिजे, असा वॉशिंग्टनचा कायदा आहे. शिवाय त्या मुलांच्या शिक्षणाच्या खर्चापोटी आठवीपर्यंतच्या डिस्ट्रिक्टने हायस्कूल चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टला ठराविक रक्कम द्यायची असते, आणि ती स्थानिक मालमत्ता कराच्या आकारणीतून उभी केली जाते. म्हणजे बेटावर राहणारी निपुत्रिक जोडपी आणि निवृत्त मंडळीही आमच्या मुलीच्या नववीचा भार उचलतात. हे समजल्यावर करविषयक मतदानाच्या प्रचारपत्रकांकडे मी अधिक आदराने पाहू लागलो, जरी नागरिक नसल्यामुळे मला स्वतःला मत देता येत नाही.

कायद्याने दिलेली ही निवड कागदावर विस्तीर्ण आहे; प्रत्यक्षात ती फेरीचे वेळापत्रक ठरवते. ऑर्कस बेट आमच्या समोरच दिसते, पण तेथील हायस्कूल धक्क्यापासून सुमारे 13 किलोमीटरवर ईस्टसाउंडला आहे. लोपेझची शाळाही धक्क्यापासून दूर, बेटाच्या अंतर्भागात आहे. सॅन वॉन बेटावरचे फ्रायडे हार्बर हे मात्र काउंटीचे मुख्य ठिकाण असून तेथे फेरीतून उतरल्यावर शाळेपर्यंत चढ चढून चालत जाता येते. बेटांदरम्यान पायी प्रवास करणाऱ्यांना तिकीट लागत नाही, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नव्हता. अभ्यासक्रमांच्या याद्या आम्ही तिन्ही शाळांच्या वाचल्या, परंतु निर्णय पावलांनी घेतला, असेच म्हणावे लागेल.

मग अर्ज. पत्त्याचा पुरावा आणि जन्मतारखेचा पुरावा सहज जमले. लसीकरणाच्या नोंदींनी मात्र वेळ घेतला, कारण मुलीच्या सुरुवातीच्या लसी पुण्यात झाल्या होत्या आणि त्या कार्डावरील तारखा आपल्या पद्धतीने, आधी दिवस व मग महिना अशा लिहिलेल्या होत्या. 5/6 ही पाच जूनची तारीख अमेरिकन डोळ्यांना सहा मे वाटते आणि दोन डोसांमधले अंतर चुकीचे मोजले जाते. भारतातून आलेल्या पालकांनी अशा कार्डाची, महिन्याचे नाव अक्षरांत लिहिलेली प्रत डॉक्टरांकडून प्रमाणित करून घ्यावी. आमच्या बाबतीत डॉक्टर गाठायचे तेही फेरीनेच.

घरातील भाषेविषयीच्या छापील प्रश्नावलीत मुलगी प्रथम कोणती भाषा शिकली, या प्रश्नासमोर आम्ही मराठी लिहिले. अशा उत्तरानंतर, पूर्वी चाचणी झालेली नसल्यास, मुलाची इंग्रजीची चाचणी घेणे शाळेला बंधनकारक असते. शॉच्या शाळेत ती काही वर्षांपूर्वीच झाली होती आणि तिचा निकाल कागदपत्रांबरोबर गेल्याने हा प्रश्न तेथेच मिटला. मराठी लिहिल्याने मूल मागच्या बाकावर जाईल, या भीतीने काही ओळखीचे पालक त्या रकान्यात इंग्रजी लिहितात. मला ते पटत नाही.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती गणितावर. शॉच्या शाळेत वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकाच खोलीत बसतात, त्यामुळे आमची मुलगी आठवीतच बीजगणित शिकून मोकळी झाली होती. राज्यात हायस्कूल पूर्ण करण्यासाठी 24 क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, लागतात आणि हायस्कूलच्या पातळीचा विषय आधीच पूर्ण केला असल्यास त्याचे क्रेडिट मिळू शकते. प्रश्न एवढाच होता, की वर्गात तिच्या वयाचे दुसरे कोणीच नसताना शिकवलेला विषय त्या पातळीचा आहे, हे दाखवायचे कसे. शॉच्या शिक्षिकांनी वर्षभराच्या वह्या, चाचण्या आणि वापरलेल्या पाठ्यपुस्तकाची प्रकरणवार नोंद पाठवली. हायस्कूलच्या समुपदेशकांनी ती वाचून, एक छोटी परीक्षा घेऊन, तिला थेट भूमितीच्या वर्गात बसवले. मोठ्या शहरातील शाळेने विद्यार्थ्याच्या वह्या मागवून वाचल्या असत्या, असे मला वाटत नाही.

आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात आम्हा दोघांची नावे पुरेशी नव्हती, कारण फेरी रद्द झाली तर आम्ही दोघेही समुद्राच्या अलीकडे अडकणार. त्यामुळे फ्रायडे हार्बरमध्येच राहणाऱ्या एका कुटुंबाचे नाव, त्यांची संमती घेऊन, तेथे लिहिले. हिवाळ्यात वादळामुळे संध्याकाळची फेरी सुटत नाही तेव्हा मुलगी त्यांच्याकडे मुक्काम करते, आणि तिच्या कपड्यांची एक पिशवी तेथे कायमची ठेवलेली असते.