एका गाडीच्या दोन खोडी

"मिस्त्री, तुमच्याकडं शेवटची आणली. इथं नाही झालं तर किलोवर घालतो."

छोटा हत्ती अजून धड उभाही राहिला नव्हता. मागं दोऱ्यांनी आवळलेली हिरवी कावासाकी केएक्स 125, नव्वदच्या दशकातली. ना नंबरप्लेट, ना हेडलाइट, ना हॉर्न. मातीत पळवायची गाडी, रस्त्यावर चालवायची सोय नाही, त्यामुळं गॅरेजला यायचं तरी टेम्पोतून. मालक पन्नाशीचे, सासवडकडचे, अंजिराची बाग असलेले. तरुणपणी शर्यती मारलेल्या, हे बोलण्यावरून नाही, डाव्या मनगटाच्या वाकड्या हाडावरून कळलं.

माझं गॅरेज सासवड रोडला, वडकी नाल्याच्या अलीकडं. काम शिकलो नाना पेठेत, तेव्हा दिवसाला चार-पाच तरी आरएक्स 100 हाताखालून जायच्या. यामाहाची ती गाडी 1985 ला आली आणि 96 ला बंद झाली, पण तिचे भक्त काही कमी होत नाहीत. त्यामुळं टू-स्ट्रोकचं काही अडलं की लोक आपसूक माझ्याकडं पाठवतात.

तक्रार एका शब्दाची. पिकअप नाही. आधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, कार्बोरेटरचं किट, प्लग, ठिणगीचा डबा म्हणजे सीडीआयसुद्धा. काढलेले जुने पार्ट मात्र मालकांनी पिशवीत जपून आणले होते, हे मला फार आवडलं. जुना पार्ट बोलतो. त्यातला पिस्टन मी उजेडात फिरवून पाहिला, स्कर्टवरच्या बारीक रेघा अजून शाबूत. त्या पिस्टनचा काही गुन्हा नव्हता.

"सुरुवात कशी झाली?" मी विचारलं.

"दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. काढली तर किका खायला लागली, खाली, कमी रेसला, दम नाही. वर गेली की मात्र पळायची. मग पिस्टन टाकला, तर वरचंही गेलं."

हे वाक्य त्यांनी सकाळी साडेनऊला सांगितलं. मला त्याचा अर्थ लागला संध्याकाळी सहाला.

कॉम्प्रेशन गेज लावलं, एक्सलेटर पूर्ण उघडा धरून किका मारल्या, काटा 160 पौंडावर. ठणठणीत. स्पार्क निळा, जाड, आवाज करणारा. मग मी माझं लाडकं हत्यार काढलं. शेजारच्या डॉक्टरांनी टाकून दिलेलं बीपीचं मशीन. हसू नका. टू-स्ट्रोकमध्ये नुसता सिलिंडर काम करत नाही, खालचा क्रँककेससुद्धा पंपाचं काम करतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवा आत ओढायची, खाली येताना ती वर ढकलायची. तिथं सुईएवढं भोक असलं तरी सगळा हिशेब बिघडतो. म्हणून एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचांनी बंद करायचे, एका बुचातून नळी आत घालायची आणि फुगा दाबत काटा 300 वर न्यायचा. 300 म्हणजे साधारण 6 पौंड प्रेशर, याच्यावर जायचं नाही, नाहीतर चांगली सीलही उचकटतात. मग घड्याळ लावून चहा प्यायचा.

पाच मिनिटांनी काटा जागेवर. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं, एक बुडबुडा नाही. मॅग्नेट साइडचं सील गेलं असतं तर हवा आत शिरून गाडी आपोआप रेस झाली असती, क्लच साइडचं गेलं असतं तर गिअरचं ऑइल जळून पांढरा धूर निघाला असता. दोन्ही नव्हतं. मालक मशीनकडं बघून म्हणाले, "बीपी नॉर्मल आहे म्हणजे." मी म्हटलं, "पेशंट तरी उठत नाही."

खोड सापडली रीड व्हॉल्व्हमध्ये. कार्बोरेटरच्या मागं बसणारा हा छोटा तंबू, त्यावर फायबरच्या पातळ पाकळ्या. इंजिनने श्वास घेतला की उघडतात, सोडला की मिटतात. वरवर सगळ्या धड दिसत होत्या. पण तो तंबू, म्हणजे रीडचा ब्लॉक, ट्यूबलाइटसमोर धरला आणि दोन पाकळ्यांच्या कडेने उजेडाची केसाएवढी रेघ आली. एकीचा कोपरा तर तुटलेला, नखाएवढा. तो तुकडा कधीच जळून पाइपमधून बाहेर गेला असणार. पाकळ्या नीट मिटत नाहीत म्हणजे आत ओढलेलं पेट्रोल उलट कार्बोरेटरकडं थुंकलं जातं, आणि हे सगळ्यात जास्त जाणवतं ते कमी आरपीएमला. किका खाणे, खाली दम नसणे, सगळं जुळलं. पिस्टन बदलताना हा ब्लॉक कुणी उजेडात धरला नव्हता.

या गाडीच्या पाकळ्या दुकानात मागून मिळत नाहीत. हाताखालच्या पोराला तपकीर गल्लीत पिटाळलं, ग्लास इपॉक्सीचा पातळ शीट आणायला. जुनी पाकळी ठेवून रेघ मारली, कात्रीने कापलं, आणि मग खरं काम, कडा पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासत बसणं. कड खरबरीत राहिली तर तिथूनच चीर जाते, आणि चीर गेली की तुकडा थेट पिस्टनखाली. पोरगं दोन पाकळ्यांत कंटाळलं. उरलेल्या मीच घासल्या.

तीनच्या सुमाराला मागच्या रिकाम्या प्लॉटवर गाडी काढली. एका किकेत सुरू. दुसऱ्या गिअरला एक्सलेटर पिळला तर पुढचं चाक हलकं झालं. मी मालकांना हात वर करून दाखवला, गावाकडं फोन लावा म्हणून. आणि तिसऱ्या गिअरला गाडी दमली. आवाज फाटका नाही, मिसिंग नाही, नुसती पुढं जायला तयार नाही. चढावर ओझ्याचा बैल थांबतो तशी.

इथं माझे दोन तास वाया गेले. वर दम नाही म्हणजे मेन जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, असं धरून मी जेट बदलत बसलो. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला एक नंबर मोठा जेट लागतोच, असंही स्वतःला पटवलं. मोठा लावला, तेच. लहान लावला, तेच. शेवटी फुल्ल रेसमध्ये पळवून तिथंच क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि प्लग उघडला. पोर्सेलीनचा रंग बिस्किटासारखा, नेमका हवा तसा. म्हणजे जेट बरोबर होता आणि मीच चुकत होतो. सायलेन्सर काढून फक्त पाइपवर चालवली, सबंध वडकीला ऐकू जाईल इतका आवाज झाला, फरक शून्य.

कॉम्प्रेशन आहे, स्पार्क आहे, पेट्रोल बरोबर, हवा गळत नाही, धूर जायची वाट मोकळी. पाटावर बसून मी हे बोटांवर मोजत होतो आणि मालक कंटाळून टेम्पोवाल्याला तीच गोष्ट पुन्हा सांगत होते. "...मग पिस्टन टाकला, तर वरचंही गेलं."

खालचं गेलं होतं शेडमध्ये उभी राहून. वरचं गेलं पिस्टन टाकल्यावर. मी दिवसभर एकच खोड शोधत होतो, आणि गाडीला दोन होत्या!

पिस्टन टाकायचा तर सिलिंडर उचलावा लागतो, आणि या गाडीच्या सिलिंडरमध्ये पॉवर व्हॉल्व्ह असतो. आरएक्सवर वाढलेल्या मिस्त्रीला हे माहीत असायचं कारण नाही, तिला तो नाहीच. एक्झॉस्टच्या पोर्टचं, म्हणजे सिलिंडरमधल्या धूर जायच्या खिडकीचं कसं असतं, खाली ठेवलं तर खालची ताकद मिळते, वर ठेवलं तर वरची. दोन्ही एकदम मिळत नाहीत. म्हणून 1985 पासून कावासाकीने केएक्समध्ये किप्स नावाची व्यवस्था घातली. कमी आरपीएमला बाजूचे पोर्ट बंद, आरपीएम वाढले की गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनच्या वेगावर चालणाऱ्या यंत्रणेच्या जोरावर एक दांडी सरकते, तिच्या दातांवर बसलेले छोटे ड्रम फिरतात आणि पोर्ट उघडतात.

सिलिंडरच्या बाजूचं झाकण काढलं. गाडी सुरू करून रेस दिली. दांडी जरा थरथरली, किंचित सरकली आणि अडकली. पुन्हा रेस दिली, पुन्हा तेच. पोरगं वाकून बघत होतं, म्हणालं, "काका, ही दार अर्धं उघडून बसलीये."

हेड आणि सिलिंडर उचलला. डाव्या ड्रमवरची खूण दांडीवरच्या खुणेसमोर हवी होती, ती दोन दात पुढं. उजवा उघडायला लागला की डावा आडवा यायचा आणि दोन्ही थांबायचे. भर म्हणून ड्रमवर काजळीचा थर, डांबरासारखा. केरोसिनमध्ये भिजवून पितळी ब्रशने काढला, खुणा जुळवल्या, बोटाने दांडी सरकवली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

आधीच्या मिस्त्रीला नाव ठेवायला मालक सरसावले होते. मी काही बोललो नाही. वीसेक वर्षांपूर्वी मीही एका गाडीत हेच केलं होतं, आणि त्या गाडीच्या मालकाला छातीठोक सांगितलं होतं की जपानी माल जुना झाला की असाच होतो.

सिलिंडरखालचं बेस गॅस्केट जुन्याच्या जाडीचं कापलं. मिळेल तो कागद लावून चालत नाही, जाड झालं की सिलिंडर उचलला जातो आणि सगळे पोर्ट वर सरकतात. बांधाबांध होईपर्यंत रात्रीचे साडेनऊ. शेजारीपाजारी झोपायच्या वेळेला टू-स्ट्रोक उठवायची हिंमत झाली नाही.

सकाळी टेम्पोतून दिवे घाट चढून वरच्या माळावर गेलो. मालकांनी हेल्मेट चढवलं, पहिली दोन वळणं सांभाळून घेतली. मग सरळ पट्ट्यावर आवाज बदलला. मध्येच एका टप्प्यावर जाड आवाजाचा एकदम पातळ, चिरका होतो, तो ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. धुळीचा लोट कानिफनाथाच्या डोंगराच्या दिशेने गेला तो गेलाच. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग आवाज बंद.

पडले की काय म्हणून आम्ही पळत गेलो. मालक गाडीला टेकून उभे, चेहऱ्यावर मातीचा लेप, नुसते डोळे आणि दात. "टाकी संपली," म्हणाले. आणि मग हात पुढं करून दाखवला, बोटं थरथरत होती. "तिसऱ्याला मागं ओढली हो मला."

टेम्पोवाल्याने उत्साहाने दोन लिटरची पेट्रोलची बाटली आणली. त्यात घालायचं ऑइल, लिटरला तीसेक मिली, मी आठवणीने काढून ठेवलं होतं. गॅरेजच्या टेबलावर. नुसत्या पेट्रोलवर मी ती सुरू करू देणार नव्हतो, कालच्या मेहनतीनंतर तर नाहीच. दीड किलोमीटर, भर उन्हात, आम्ही तिघांनी ती ढकलत टेम्पोपर्यंत आणली, आणि मालक सबंध वाटेत मला त्या तिसऱ्या गिअरचं सांगत होते.