आकडा मोठा, पाऊल गार

फाइलीत सगळ्यात वर आधीचा रिपोर्ट होता: उजव्या पायाचं घोटा-दंड गुणोत्तर (घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर) १.४८, शेरा ‘रक्तपुरवठा उत्तम’. आणि समोर काकांची करंगळी. चपलेने घासून झालेली वाटाण्याएवढी जखम, कडा काळपट, सात आठवडे ड्रेसिंग करूनही जशीच्या तशी. वय ६४, मधुमेह १६ वर्षं, तंबाखू चालू. “दुखत नाही हो,” काका म्हणाले. मधुमेहाने पायाची जाणीवच गेल्यावर दुखणार कुठून?

आमच्या व्हॅस्क्युलर लॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्या तपासतात तिथे, चाचणी पुन्हा केली. दहा मिनिटं उताणं झोपवलं, मग दोन्ही दंडांचं वरचं प्रेशर डॉपलरने (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) घेतलं: उजवीकडे १३८, डावीकडे १३२. भागायचं ते मोठ्या आकड्याने. पट्टा घोट्याच्या वर बांधला, जेल लावलं आणि पेनासारखं प्रोब आतल्या घोट्यामागे तिरकं धरलं. हवा भरत गेलो तरी आवाज थांबेना. १८० ला चालू, २०० ला चालू. २१०च्या पुढे बंद पडला आणि हवा सोडताना २०४ ला परत आला. २०४ भागिले १३८, म्हणजे तेच १.४८.

आकडा चुकलेला नव्हता, त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनी अरुंद आहे, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. १.४च्या वर गेला तर पट्ट्याला धमनी दाबताच येत नाही, हे मात्र विसरलं जातं. धमनीच्या भिंतीचे तीन थर. चरबीचा थर साचतो तो आतल्या बाजूला आणि वाट अडवतो. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात मधल्या स्नायूच्या थरात कॅल्शियम बसतं आणि नळी पाइपासारखी ताठ होते. काकांना दोन्ही होतं. पायाच्या एक्स-रेवर त्या धमन्या रुळांसारख्या दुहेरी पांढऱ्या रेघांनी उठून दिसत होत्या, रंगद्रव्य न देताच.

खरं तर डॉपलरचा आवाजच सांगत होता. चांगली धमनी ठसठशीत दोन-तीन ठोक्यांत बोलते. इथे एकच लांबट, मंद फुसफुस. हा आवाज ऐकून नुसता आकडा लिहिणं मला पटत नाही.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायचं, कारण बोटांच्या बारीक धमन्या बहुधा या कॅल्शियमपासून वाचलेल्या असतात. आधी पावलं पांघरुणात गरम केली. गार पावलावर आकडा खोटाच कमी येतो. अंगठ्याला छोटा पट्टा, टोकाला प्रकाशाचा सेन्सर. आला २८. दंडाशी गुणोत्तर ०.२०, ०.७ तरी हवं. अंगठ्याचं प्रेशर ३०च्या खाली असेल तर नुसत्या ड्रेसिंगने जखम भरण्याची आशा फार थोडी.

त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. रंगद्रव्य मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), मग अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य सोडून धमन्यांचा एक्स-रे. गुडघ्याखालच्या तीनपैकी दोन धमन्या बंद, तिसरी जागोजागी अरुंद. तिसरी फुग्याने उघडली. नंतर अंगठ्याचं प्रेशर ५४ आलं आणि दुसऱ्या आठवड्यात जखमेच्या तळाला लाल, दाणेदार मांस दिसलं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त गोठू न देणारी गोळी सुरू झाली. कारण पायात हे झालंय तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही सुटलेल्या नसतात.

मावशींनी विचारलं, “आता रोज चालवू का यांना?” सध्या नाही; जखमेवर भार नको. भरली की आठवड्यातून निदान तीनदा, ३० ते ४५ मिनिटं: पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तंबाखू आजपासून बंद आणि ती चपल घरात ठेवायची नाही.