पाठीवरची पाटी

फोनची पाठ म्हणजे सगळ्यात वाया जाणारी जागा. तिथे आपण कव्हर चढवतो, कव्हरमध्ये लोकलचा पास आणि अडीअडचणीला पन्नासची नोट सारतो, विषय संपला. योटाफोन नावाच्या रशियन फोनने मात्र डिसेंबर 2013 मध्ये त्या पाठीवरच दुसरा स्क्रीन बसवला. पुढे नेहमीचा रंगीत एलसीडी, मागे ई-इंकचा काळा-पांढरा, दोन्ही 4.3 इंचांचे. माझ्या मावसभावाकडे होता तो. ‘पण मागे बघतंय कोण?’ म्हणून घरच्यांनी त्याला पार हैराण केलं होतं.

मला विचाराल तर बघण्यासारखं मागेच होतं. पुढचा स्क्रीन स्वतःच्या उजेडावर चालतो. मे महिन्याच्या दुपारी दादरच्या पुलावर सूर्यापुढे त्याचं काही चालत नाही. हाताचा आडोसा करा, डोळे बारीक करा, कळतं एवढंच की कुणाचा तरी मेसेज आलाय. ई-इंकला स्वतःचा उजेडच नाही. आत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या, त्यांत पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेच्या इशाऱ्यावर एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. बाहेरचं ऊनच त्यावरून परतून डोळ्यांत येतं, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठसठशीत.

आणि कण एकदा बसले की बसले. वीज लागते ती फक्त चित्र बदलताना. नकाशा उघडून दोन बोटं वरून खाली ओढली की तो मागे जायचा, आणि मग फोनने फोर्टातल्या कुठल्याशा गल्लीत मान टाकली तरी नकाशा जागेवर! (मोबाइल तिकिटाचा स्क्रीनशॉट टीसीला चालत नाही हे बरंय, नाहीतर अख्ख्या वेस्टर्न लाइनने एका तिकिटावर वर्ष काढलं असतं.)

खोडीही होत्या. चित्र बदलताना स्क्रीन लुकलुकायचा, आधीच्या अक्षरांची सावली राहायची, नीट न पुसलेल्या पाटीसारखी. शिवाय मागच्या चित्राला बोट लावून उपयोग नसे, खालच्या पट्टीवर फिरवावं लागे. 2014 च्या दुसऱ्या मॉडेलने ते सुधारलं. तो पुतिन यांनी बीजिंगमध्ये शी जिनपिंग यांना भेटही दिला. एवढा वशिला असून 2019 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

मावसभाऊ आता घडीचा फोन वापरतो. स्क्रीन त्यालाही दोन, दोन्ही झगमगीत, आणि बॅगेत कायम पॉवर बँक.